पूनमच्या हळदीचे एक्कावन्न ग्लास

वच्छलाबाईंनी देवापुढे ठेवलेला मेणबत्तीचा ग्लास दुपारी अडीच वाजता तडकला. आवाज तो केवढा, हातातली बांगडी पिचावी तेवढाच. पण त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या, तिथवर तो पोचला आणि जुडी हातातच राहिली.

"काय फुटलं गं?" बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं. तानुबाईंचं खुब्याचं हाड मोडून दोन महिने झाले होते. पाय हलत नव्हता, पण कान आणि जीभ दोन्ही ठणठणीत. "माझी घटका भरली म्हणून आधीच मडकं फोडलंस का काय?"

वच्छलाबाई देव्हाऱ्याकडे धावल्या. ग्लासला काठापासून बुडापर्यंत चीर गेली होती. आतलं मेण पार पाण्यासारखं पातळ झालं होतं आणि चिरेतून झिरपत देवाच्या लाल वस्त्रावर पसरत होतं. वात मधोमध उभी असायची, ती जागा सोडून कडेला जाऊन काचेला टेकली होती आणि ज्योत काच चाटत होती. तेवढ्या जागी काच काजळून काळी पडली होती. त्यांनी शेजारचं फुलपात्र उचललं आणि त्यावर पालथं घातलं. ज्योत गुदमरली. लाल वस्त्राच्या कडेचे दोनचार धागे जळाले, तेवढंच.

देवापुढचा दिवा असा गेला. त्या देवाची क्षमा मागायला वाकल्या आणि तेवढ्यात दुसरा विचार आला. असेच एक्कावन्न ग्लास काल राहू गावी गेले होते. भावाच्या पोरीच्या हळदीला.

निमोण्यात वच्छलाबाईंना ओळखत नाही असं घर नाही. वय अठ्ठेचाळीस. नवरा, नवनाथ, सणसवाडीला कंपनीत कामाला. तिथेच खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला घरी येतो. पोरगा-पोरगी नाही. घर, दोन म्हशी, आजारी सासू आणि देव, एवढा त्यांचा संसार. देवाचं मात्र सगळं काटेकोर. नवी वस्तू घरात आली की आधी हळदीकुंकवाचं बोट, मग वापर. कुकर असो, मोबाइल असो, म्हशीची साखळी असो. मागच्या वर्षी नवनाथने नवा मिक्सर आणला तेव्हा त्याच्या भांड्यात हळदीकुंकू वाहून त्यांनी तसाच फिरवला आणि पहिल्या दिवसाची शेंगदाण्याची चटणी लालपिवळी झाली. नवनाथ म्हणाला, "देवाला आवडली आसंल, मला न्हाई." तेव्हा सगळे हसले होते.

मेणबत्त्यांचं वेड त्यांना शेजारच्या गल्लीतल्या नजमुन्निसाने लावलं. नजमुन्निसा शिरूरला महिन्याभराचं शिक्षण घेऊन आली होती. साध्या मेणबत्त्या कुणीही करतं; ही करायची त्या संगमरवरासारख्या, आत शिरा असलेल्या. पांढरं मेण एका डब्यात, रंगाचं दुसऱ्या डब्यात. आधी पांढरं ओतायचं आणि थांबायचं. दुधावर साय धरते तशी वर साय धरली की रंगाचं मेण बारीक धारेनं चार जागी सोडायचं आणि विणायची सुई आतून एकदाच फिरवायची. एकदाच. घाई केली, मेण गरम असतानाच ओतलं, तर दोन्ही रंग मिसळून बासुंदी होते. उशीर केला तर गुठळ्या. वच्छलाबाईंचा हात त्यात असा बसला की नजमुन्निसाच म्हणू लागली, "ताई, शिकवलं म्या, आन् शिरा तुमच्याच झाक येत्यात!"

पण नजमुन्निसा एका गोष्टीवर फार कडक होती. वात. वातीच्या बुडाला टिनची बारकी चकती असते. चकतीखाली दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा तुकडा लावायचा, ग्लासच्या बुडाशी अगदी मधोमध ती दाबून बसवायची आणि अंगठ्याने पन्नास मोजेपर्यंत दाबून धरायची. वरून वात कपड्याच्या चिमट्यात धरून चिमटा काठावर आडवा ठेवायचा, मेण गोठेपर्यंत. "रंग बिघडला तर लोक हसतील," ती म्हणायची, "वात सुटली तर घर पेटंल. मेण वितळल्यावर तिला धरायला चकतीबिगर कोण न्हाई."

वच्छलाबाईंनी हे सगळं पाळलं होतं. आधी सहा ग्लास करून घरात जाळून पाहिले होते. सहाही तळापर्यंत नीट जळाले, वात जागची हलली नाही. त्यानंतरच त्यांनी भावाला फोन करून सांगितलं होतं, "सुदर्शन, पूनमच्या हळदीला लायटिंगचं तुझं तू बघ, पण तिच्या भवतीनं एक्कावन्न दिवं माझं. आत्याचा मान हाय त्यो." सासूला सोडून हळदीला जाता येणार नव्हतं. लग्नाला उद्या सकाळी शेजारणीला बसवून जायचं ठरलं होतं. स्वतः नाही तर निदान आपल्या हातचा उजेड तरी पोरीच्या अंगावर पडावा, एवढीच त्यांची इच्छा.

आणि आता सातव्या ग्लासापासून पुढचे सगळे कसे जळतात ते त्यांच्यासमोर होतं.

सकाळी साडेअकराला पूजा झाल्यावर लावलेला, अडीचला तडकला. तीन तास. त्यांनी फोन काढला. राहूची हळद संध्याकाळी, दिवेलागणीला, असं ठरलं होतं. म्हणजे अजून वेळ आहे. शितल भावजयीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सुदर्शनला लावला, तोही तसाच. मग पूनमच्या धाकट्या बहिणीला, पिंकीला लावायला त्यांनी तिचं नाव शोधलं तर तिच्या फोटोभोवती हिरवी कडी दिसली. स्टेटस. त्यांनी बोट लावलं.

पूनम चौरंगावर बसलेली. पिवळी नेटची ओढणी मागे लांबवर पसरलेली. आणि तिच्या भोवतीनं, तीन ओळींत, पेटलेले ग्लास. खाली पिंकीनं लिहिलं होतं, "आत्याचे दिवे, ताईची हळद." वेळ, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. फोटोवाल्याला उन्हाचा उजेड हवा म्हणून कार्यक्रम लवकर धरला असणार.

एक दहाला तीन तास मिळवायला बोटं मोजायची गरज नव्हती. चार वाजून दहा.

"अगं, काय झालं? बोल तरी!" तानुबाई ओरडल्या.

"आत्याबाई, नजमाकडं जाऊन येती," एवढं म्हणून वच्छलाबाईंनी तडकलेला ग्लास फडक्यात गुंडाळला आणि तशाच, पायात चप्पल न घालता निघाल्या.

नजमुन्निसा ओट्यावर गहू वाळवत होती. दोन दिवस ती शिरूरला बहिणीकडे होती, आजच सकाळी आली होती. तिनं ग्लास हातात घेतला, आतली कलंडलेली वात पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"ग्लास धुऊन कोरडं केलं हुतं?"

"उन्हात वाळवलं. वरनं पुसलं."

"टेप नवी?"

"व्हय. तूच दिल्याली."

नजमुन्निसानं ग्लास उलटा केला आणि उन्हाकडे धरून बुडातून पाहिलं. काचेच्या बुडाशी, आतल्या बाजूने, पिवळा डाग होता आणि त्याच्यावर लाल ठिपका. मग तिने बोटानं बाहेरून पुसून पाहिलं. जात नव्हता. आतला होता.

वच्छलाबाईंना तेव्हा आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरल्याच नव्हत्या. फक्त त्या गोष्टीचा आणि या गोष्टीचा काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं. मंगळवारी सगळे एक्कावन्न ग्लास, आणि घरच्या देवाला एक, असे ओळीनं मांडले. पहिली वात बसवायला हात पुढे केला आणि थांबला. चाचणीचे सहा घरातले वापरातलेच होते; हे कोरे ग्लास. लग्नघरी जाणार. भावाची पहिली पोर. हळदीकुंकवाशिवाय कसे द्यायचे? त्यांनी प्रत्येक ग्लासात चिमूटभर हळद सोडली, वर कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले. आणि मग त्याच्यावरच चकती दाबली. प्रत्येकीवर अंगठा ठेवून पन्नास मोजले. मोजताना नाव घेतलं ते पूनमचं.

नजमुन्निसा अगदी हळू म्हणाली, "ताई, ही पावडर हाय. टेप काचेला न्हाई चिकटली, हळदीला चिकटली."

वच्छलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"आसं बघू नका माझ्याकडं. तुमचा भाव वंगाळ न्हवता. पण भाव चांगला म्हणून टेप धरत न्हाई ना. वरनं चिमटा हुता तवर वात उभी, मेण गोठलं तवर उभी. सगळं मेण पातळ झालं की सुटती ती." ती उठलीच. "किती वाजता लावल्यात त्यांनी?"

"एक धा."

"फोन?"

"कुणी उचलंना."

नजमुन्निसानं घरात हाक मारली, "अहो! गाडीची किल्ली घ्या. जेवण ऱ्हाऊ द्या." आणि वच्छलाबाईंना म्हणाली, "जावा तुम्ही. म्हातारीपाशी मी बसते. शिव्या द्यायला तिला बी कुणीतरी नवं पायजेच."

नजमुन्निसाचा नवरा चांदभाई पिकअपनं शेतकऱ्यांची भाजी बाजारात पोचवायचा. सकाळची खेप टाकून तो नुकताच जेवायला बसला होता. हात धुऊन, मिशी पुसत बाहेर आला, बायकोनं दोन वाक्यांत सांगितलं ते ऐकलं आणि काही न विचारता गाडीत बसला. मागे फ्लॉवरचे रिकामे क्रेट खडखडत होते. निघाले तेव्हा तीनला पाच कमी.

"चांदभाई, चारच्या आत जमंल का?"

"रस्ता मोकळा मिळाला तर पावणेचारला नेऊन सोडतो, ताई." मग जरा थांबून तो म्हणाला, "उसाचं दिस हायेत. रस्ता मोकळा मिळंल आसं मी म्हणत न्हाई."

न्हावऱ्यापर्यंत गाडी पळाली. वच्छलाबाई एका हाताने दाराची कडी धरून दुसऱ्या हातानं फोन लावत होत्या. शितल, सुदर्शन, पिंकी, परत शितल. एकदा पिंकीनं उचलला. पलीकडे डीजे एवढा धडधडत होता की फोन हातात थरथरला.

"आत्याऽऽ! दिवं लय भारी झाल्यात! सगळी इचारत्यात कुठनं आणलं!"

"पिंके, ऐक, दिवं—"

"काय ऐकू येईना! स्टेटस बघ माझा!"

फोन बंद झाला. त्यानंतर परत उचललाच नाही. वच्छलाबाईंनी मग लिहायला घेतलं. "दिवे विझवा" एवढे दोन शब्द लिहायचे होते. पहिला लिहिला आणि बोट अडलं. हळदीच्या घरी, शुभकार्य चालू असताना, पोरीच्या आत्यानं हे असलं लिहून पाठवायचं? देवापुढचा दिवा त्यांनी जन्मात कधी फुंकला नव्हता. घरात कुणी 'दिवा विझला' म्हणालं तरी त्या हटकायच्या. त्यांनी शब्द खोडला. मग खिडकीबाहेर एक पाटी मागे गेली, तिच्यावर काय लिहिलं होतं तेही दिसलं नाही, आणि त्यांना फोटोतली ती मागे पसरलेली ओढणी दिसली. त्यांनी मन घट्ट करून लिहिलं, "सगळे दिवे लगेच विझवा. काच फुटणार. पूनमला उठवा." शितलला, सुदर्शनला, पिंकीला, तिघांना पाठवलं. खुणा करड्याच राहिल्या. कुणी वाचलं नाही.

न्हावऱ्याच्या पुढे ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या, दोन्हींत ऊस एवढा रचलेला की बाजूने आभाळही दिसेना. समोरून दुसरी रांग येत होती.

चांदभाईनं हॉर्न दाबून धरला. "ह्यो ट्रॉलीवाला म्हंजी चालतं गाव हाय बघा. मागं वळून बघायची त्याला गरजच न्हाई."

"खालनं घाला ना गाडी. साईडपट्टीवरनं."

"घातली आस्ती, पण वल्या मातीत रुतली तर मग तुम्हाला ट्रॉलीवरच बसून जायला लागंल, ताई."

सव्वातीन. तीन पंचवीस. ट्रॉलीच्या मागून उसाचं पाचट उडून काचेवर आपटत होतं. वच्छलाबाई जप करत होत्या, पण नेहमीसारखा तो चालेना. दोन नावं घेतली की मधेच तोंडातून निघायचं, "तुझ्याच नावानं लावलं हुतं ना मी." त्यांना नवस बोलायचा होता, पण काय बोलावं ते सुचेना. देवानं काही मागितलंच नव्हतं. हळद लावा असंही त्यानं सांगितलं नव्हतं. लावली ती आपण. हे पहिल्यांदाच एवढं उघडं दिसलं आणि त्यांनी जप थांबवला, नुसत्याच समोर बघत राहिल्या.

साडेतीनला ट्रॉली एका वजनकाट्याकडे वळली. चांदभाईनं गाडी अशी सोडली की मागचे क्रेट एकमेकांवर चढले. भीमेचा पूल ओलांडला तेव्हा चाराला अठरा कमी, पारगाव मागे पडलं तेव्हा चाराला दहा. राहूच्या शिवारात शिरताना डीजे दोन शेतांवरून ऐकू यायला लागला. अजून धडधडतोय, वच्छलाबाईंना वाटलं, म्हणजे अजून काही झालेलं नाही. त्या आवाजाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा हात जोडले.

सुदर्शनच्या घरापुढे, झेंडूच्या वाफ्यांच्या अलीकडे मांडव होता. पिवळ्या नेटच्या झालरी, खाली हिरवं प्लास्टिकचं गवत. चार वाजून पाच मिनिटांनी वच्छलाबाई गाडीतून उतरल्या आणि धावत मांडवात शिरल्या. सगळ्यात आधी त्यांना शितलनं पाहिलं.

"अगं बया, वन्सं आल्या! म्हातारीला कुठं ठेवून आल्या वं?"

आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत चार बायकांनी त्यांना घेरलं. दोन्ही गालांना, कपाळाला, मानेला हळद फासली. वच्छलाबाई ओरडत होत्या, "सोडा, दिवं! दिवं बघा!" पण डीजेच्या आवाजात ते ओठांपासून हातभर अंतरावरही पोचलं नाही. एकीनं त्यांचा हात धरून त्यांना नाचायलाच ओढलं. हाताला हिसका देऊन त्या सुटल्या आणि चौरंगापाशी पोचल्या.

पूनम हसत होती. हात, पाय, चेहरा, सगळी पिवळी. भोवतीनं ग्लास. लांबून पाहणाऱ्याला अजूनही ते सुंदरच दिसले असते. पण वच्छलाबाईंना फक्त वाती दिसत होत्या. पांढऱ्या-पिवळ्या शिरा कधीच्या वितळून गेल्या होत्या. पहिल्या ओळीतली तिसरी वात काठाला. पाचवी काठाला. आठवी, नववी. काचेवर काळे पट्टे चढत होते.

जवळच हळदीच्या वाट्या ठेवलेल्या स्टीलच्या ताटल्या होत्या. त्यांनी एक रिकामी केली आणि पहिल्या ग्लासावर झाकली. चार श्वास थांबल्या, उचलली, दुसऱ्यावर ठेवली. फुंकर मात्र घातली नाही. ते त्यांच्याकडून झालंच नसतं, आणि पातळ मेण उडालं असतं ते वेगळंच. तिसरा. चौथा.

आणि एकदम डीजे बंद पडला. चांदभाईनं कुणाला विचारत न बसता जनरेटरला लावलेली डीजेची पिन उपटली होती. कानांत नुसती शिट्टी वाजत राहिली आणि त्या शांततेत सगळ्या मांडवानं पाहिलं, की नवरीची सख्खी आत्या हळदीचे दिवे एकेक करून घालवत होती.

"आरं देवा, हळदीत दिवं इझवतीया ही!" मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली.

शितलनं येऊन त्यांचं मनगट धरलं. "वन्सं! काय चाललंय तुमचं? माझी पोर पाटावर हाय!"

"वाती सुटल्यात शितल. काच फुटंल. तीन तास झालं की फुटती, माझ्या देवापुढं फुटली."

"काल तुम्हीच म्हणला, सहा जाळून बघितल्यात म्हणून!"

"ते सहा येगळं. ह्यांच्यात मी चूक केली. माझी चूक हाय, सगळ्यांच्या देखत सांगती. शिव्या मागनं घाल, पण आधी पूनमला उठव."

"अर्ध्या हळदीतनं नवरी उठत न्हाई." शितलचा आवाज फुटला. "आधीच अपशकुन कमी केला का? आता तिला उठवून आनखी करू?"

वच्छलाबाईंनी हात ओढला. मनगट सुटलं नाही. सुदर्शन लांबून येत होता, पण माणसांतून वाट काढेपर्यंत वेळ जाणार होता. तेव्हा पूनम बोलली. चौरंगावरून न उठता तिनं मान मागे वळवली. तिच्या पाठीमागची ओळ तिला आत्तापर्यंत दिसलीच नव्हती. ओढणीचं टोक शेवटच्या ग्लासांपासून वीतभरावर पडलं होतं.

"आई, आत्याचा हात सोड," ती म्हणाली. मग तिनं ओढणी दोन्ही हातांनी हळूहळू ओढून मांडीवर गोळा केली. "मी हलत न्हाई, आत्या. तू मागनं सुरू कर."

वच्छलाबाई मागे गेल्या. मागच्या ओळीच्या हातभर पलीकडे नेटचा पडदा जमिनीपर्यंत लोंबत होता. गुडघ्यावर बसून त्यांनी पहिल्या ग्लासावर ताटली ठेवली तेवढ्यात शेजारचा तडकला. तोच आवाज, बांगडीचा. पण हा ग्लास नुसता चिरला नाही, त्याची एक बाजूच निखळली. पातळ मेण गवतावर सांडलं, त्याच्याबरोबर वात वाहत बाहेर आली आणि आडवी पडून जळतच राहिली. प्लास्टिकचं गवत आक्रसून काळं व्हायला लागलं. मेणाची धार पडद्याच्या दिशेने सरकली.

ताटली पहिल्या ग्लासावर होती. ती उचलायला वेळ नव्हता. वच्छलाबाईंनी उजवा तळहात त्या वातीवर दाबला आणि डाव्या हाताने पडदा खेचून उचलून धरला. तळव्याखाली चुर्र झालं. हात मात्र उचलला नाही. किती वेळ, ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. चांदभाई म्हणत होता तीनचार श्वास, त्यांना वाटत होतं पन्नास मोजून झाले.

पुढच्या बाजूला आणखी एक ग्लास तडकला.

यावेळी कुणी अपशकुन म्हटलं नाही. शितलनंच पहिली ताटली उचलली. तिनं ती झाकली, थांबली, उचलली, पुढच्यावर ठेवली, अगदी वच्छलाबाई करत होत्या तशी. मग पिंकी आली. मग ज्या बायकांनी गालाला हळद फासली होती त्या आल्या, कुणी ताटली घेऊन, कुणी वाटी, कुणी पातेल्याचं झाकण. मधे पूनम, मांडीवर ओढणी घट्ट धरून, डोळे उघडे ठेवून बसलेली. सुदर्शननं मागचा पडदा खांबावरून ओढून काढला आणि गुंडाळून लांब फेकला. हळदीच्या मांडवात मेणाच्या धुराचा वास भरला.

शेवटची ज्योत गेली तेव्हा चार वाजून सतरा मिनिटं झाली होती.

शितल वच्छलाबाईंच्या समोर येऊन बसली. "हात दावा."

तळवा लाल होऊन मधोमध फुगला होता, त्याच्यावर मेणाचा पांढरा पापुद्रा. शितलनं पिंकीला गार पाण्याचं पातेलं आणायला सांगितलं आणि हात त्यात बुडवून धरला. बराच वेळ धरून बसली. मग तिनं विझलेला एक ग्लास दुसऱ्या हाताने तिरका केला. बुडाशी पिवळं आणि लाल दिसलं.

"हे काय?"

"हळदीकुंकू."

"आतनं?"

"कोरं हुतं ना ग्लास," वच्छलाबाई म्हणाल्या. "कोरं कसं द्यायचं?"

शितलनं कपाळावर हात मारला. हसावं की रडावं ते तिला कळेना आणि शेवटी थोडं थोडं दोन्ही झालं. "वन्सं, तुमच्या भक्तीपुढं माझं हात टेकलं. मांडव पेटिवला आस्ता तुम्ही!"

"व्हय," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही खोडून काढायचं नव्हतं.

"आन् उठून आला बी तुम्हीच." शितल ग्लास खाली ठेवत म्हणाली. "एवढं केलं नसतं तर म्हातारीचं निमित्त करून घरीच बसला आस्ता. उद्या लग्नाला परत या. आज आता हळद पुरी झाल्याबिगर हलायचं न्हाई."

चौरंगावरून पूनम म्हणाली, "आई, आता मी पाय हलवू का? मुंग्या आल्यात."

बायका हसल्या. कुणीतरी घरातून पितळी समई आणून लांब, भिंतीशी ठेवली. कुणी जळक्या गवताचा तुकडा कापून काढला. चांदभाई जनरेटरजवळ पिन हातात धरून तसाच उभा होता. डीजेवाला त्याच्याकडे रागानं बघत होता आणि चांदभाई त्याच्याकडे बघतच नव्हता, ताईंकडे बघत होता.

वच्छलाबाईंचा फोन वाजला. नजमुन्निसा होती.

"झालं का ताई?"

"झालं. पोर सलामत हाय."

पलीकडे तिनं सोडलेला श्वास ऐकू आला आणि लगेच मागून तानुबाईंचा आवाज, "इचार तिला, म्हशीची धार कोण काढणार!"

"मी काढते, तुम्ही गप पडा," नजमुन्निसा फोनमधूनच म्हातारीला म्हणाली, आणि फोन ठेवला.

वच्छलाबाईंनी पातेल्यातून हात काढला. शितल नको म्हणत असताना त्या उठल्या आणि डाव्या हाताने एकेक ग्लास बुडापाशी चाचपू लागल्या. गरम लागला की तो बाजूला ठेवायच्या, गार लागला की गाडीतून आणलेल्या क्रेटमध्ये. ओळ संपली की परत पहिल्यापासून. कुणी म्हणालं, आता विझलेत ते, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. पूनम चौरंगावर ताटकळत होती, बायका हळदीच्या वाट्या हातात घेऊन उभ्या होत्या, तरी कुणी घाई केली नाही. दोन फुटलेले त्यांनी फडक्यात बांधले. उरलेल्या एकोणपन्नासांतला शेवटचा ग्लास त्यांनी दोनदा चाचपला, गालाला लावून पाहिला आणि मग क्रेटमध्ये ठेवला.

"चांदभाई," त्या म्हणाल्या, "लावा आता त्यांची पिन."